ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी, पिवळसर ग्रंथी टोपीसारखी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिचे वजन जेमतेम 4-5 ग्रॅम भरते. एवढ्याशा अवयवावाचून माणसाचे काही अडत असेल, असे पूर्वीच्या वैद्यांना वाटत नव्हते. परंतु 1855 साली लंडनमधील टॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी दाखवून दिले की, या ग्रंथी रोगाने नष्ट झाल्या म्हणजे रोगी दिवसेंदिवस क्षीण होत जातो, त्याची कातडी काळवंडते आणि अखेरीस तो दगावतो. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या शरीरातून या ग्रंथी काढून टाकून पाहिल्या. ते प्राणी थोड्याच वेळात मरण पावले.

या ग्रंथीचे दोन भाग असतात. आतला गाभा तो मध्यक आणि त्याभोवतालचे जाड आवरण ते बाह्यक. रस्त्याने जाताना अचानक एखादे कुत्रे अंगावर धावून आले, तर तुमची छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते आणि पायांत कोठून कोण जाणे बळ येते. ही किमया मध्यकातून रक्तात उतरणाऱ्या ॲड्रिनलीन या द्रव्याची. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले आहे. पण कुत्रे निघून जाते आणि छातीची धडधडही थांबते. जे संकट निघून जात नाही, दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिने मानगुटीवर बसून राहते, त्याला शरीर कसे तोंड देते? या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्यांनी आपली पन्नास वर्षे वेचली, ते हान्स सेल्ये.

हान्स यांचा जन्म 26 जानेवारी 1907 रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील हंगेरियन, सैन्यातील शस्त्रवैद्य, आई ऑस्ट्रियन. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांचे तेव्हा एकच साम्राज्य होते. हान्सचे बालपण डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम या गावी गेले. घरात आईची भाषा एक, वडिलांची दुसरी आणि शिकवायला येणाऱ्या शिक्षिकांच्या आणखी निराळ्या. त्यामुळे लहानपणीच तो चार भाषा बोलू लागला. गावातील बेनेडिक्टाइन पंथीय साधूंच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. तो अकरा वर्षांचा असताना पहिले महायुद्ध संपले आणि साम्राज्य मोडले. डॅन्यूबच्या पात्रातून नवी सरहद्द आखली गेली. एका गावाची दोन गावे झाली आणि नदीच्या उत्तरेकडील भाग चेकोस्लोव्हाकिया या नव्या देशात गेला. वडिलांप्रमाणे वैद्य व्हावे म्हणून वयाच्या सतराव्या वर्षी हान्स त्या देशाच्या राजधानीत, प्राग शहरी, जर्मन विद्यापीठात दाखल झाला.

प्रागमधील एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. विद्यार्थ्यांना प्रथमच रोगी दाखवण्याचा तो दिवस होता. वृद्ध आणि विख्यात प्राध्यापकांपुढे एकामागून एक पाच-सहा रोगी आणले गेले. प्रत्येकाला निराळा सांसर्गिक रोग होता आणि तोही अगदी प्रारंभीच्या अवस्थेत. प्राध्यापक रोग्यास दोन-चार प्रश्न विचारीत, बारकाईने पाहत आणि अंगावरील एखाद्या बारीकशा खुणेवरून रोगाचे अचूक नाव सांगत. वर्गातील मुले थक्क होऊन ऐकत होती. हान्सही थक्क झाला होता; पण त्याचे लक्ष भलतीकडेच गेले होते. या सर्वांची जीभ पांढरी पडलेली आहे, सर्वांचे सांधे दुखताहेत, सर्वांना कणकण आहे, कोणाचीच अन्नावर वासना नाही, सर्वांचे चेहरे सारखेच उतरलेले आहेत. हे जे सर्वांत समान आहे, त्याविषयी प्राध्यापक अवाक्षरही काढीत नव्हते. कारण त्यावरून कोणत्याही रोगाचे निदान होण्यासारखे नव्हते. रोगांची नावे शेकडो. पण नुसते आजारी असणे म्हणजे काय, याचा विचार कोणी कसा केला नाही? हान्स तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. एवढा बाळबोध प्रश्न भर वर्गात विचारला तर हसे होईल, या धास्तीने तो गप्प बसला. पुढे परीक्षांच्या धामधुमीत ती गोष्ट त्याच्या मनातून गेलीही.

1929 साली ते वैद्यकाची पदवी मिळवून डॉक्टर झाले आणि 1931 साली त्यांनी रसायनशास्त्रातही पदवी संपादन केली. त्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते अमेरिकेस गेले. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही; पुढल्याच वर्षी कॅनडातील माँट्रिऑल शहरी मॅक्‌गिल विद्यापीठात त्यांनी प्रवेश केला. तेथे जेम्स कॉलिप हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. मधुमेहावरील इन्सुलिन शुद्ध करण्याच्या कामी ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे कॉलिप. त्या काळी शरीरातील ग्रंथींचे स्राव, म्हणजे संप्रेरके, शोधून काढण्याची शास्त्रज्ञांत जणू शर्यत लागली होती. तरुण सेल्ये यांनाही एखादे नवे संप्रेरक आपल्या हाती लागावे, अशी तळमळ होती.

कत्तलखान्यातून गाईंची बीजांडे बादलीत घालून आणावयाची, त्यांचा अर्क काढावयाचा, तो पांढऱ्या उंदरांना टोचावयाचा आणि काही दिवसांनी त्या उंदरांचे विच्छेदन करून पाहावयाचे, असा त्यांचा क्रम चालू होता. त्यात त्यांना तीन बदल आढळले. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथींचे बाह्यक फुगून मोठे झाले होते. छातीतील थायमस ग्रंथी आणि अंगातील लसिकाग्रंथी सुकून गेल्या होत्या. जठराच्या व त्यापुढील आतड्याच्या अस्तरास रक्ताळलेले व्रण पडले होते. ज्ञात असलेल्या कोणत्याही संप्रेरकाने हे तीन बदल एकत्र घडत नव्हते. तेव्हा हे संप्रेरक नवे असले पाहिजे! सेल्ये यांचे वय तेव्हा तिशीच्याही आत होते. त्यांना आकाश ठेंगणे वाटू लागले.

हा आनंद फार दिवस टिकला नाही. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी वारेचा अर्क टोचला. तेच तीन बदल. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचला, तेच. मूत्रपिंडाचा, प्लीहेचा, ज्या अवयवाचा म्हणून अर्क टोचावा त्याचा परिणाम एकच. बरे, अर्क जो जो शुद्ध करावा, तो तो त्याची शक्ती कमी व्हावी! शुद्ध केल्याने द्रव्याचा गुण वाढावयास हवा, हा तर साधा नियम. शेवटी 1936 च्या वसंत ऋतूत एके दिवशी त्यांच्या मनात एक भयंकर शंका आली. प्रयोगशाळेत अवयव टिकवण्यासाठी वापरतात ते फॉर्मॅलिन फळीवर ठेवलेले होते. ते दाहक विष आहे; त्याचा आणि संप्रेरकाचा काडीमात्र संबंध नाही. सेल्ये यांनी तेच उंदरांना टोचले. अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, थायमस सुकली, जठरात व्रण पडले. आणि तेही कोणत्याही अर्काहून अधिक ठळकपणे.

नवे संप्रेरक वगैरे काही नव्हते. अर्कातील मळाने उंदरांना इजा होत होती, एवढेच. दीर्घकाळचे श्रम फुकट गेले होते. पुढचे कित्येक दिवस सेल्ये प्रयोगशाळेत नुसते बसून राहत. कामाला हात लावण्याचीही त्यांना इच्छा होईना. अशा उदास अवस्थेत असताना प्रागमधील ते रोगी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. निरनिराळ्या रोगांनी पछाडलेले, पण चेहऱ्याने सारखेच आजारी दिसणारे ते पाच-सहाजण! निरनिराळ्या द्रव्यांनी इजा झालेले, पण आतून सारखेच बदललेले हे उंदीर त्याच जातीचे नव्हेत काय? विद्यार्थिदशेत जो प्रश्न विचारण्याचे धैर्य झाले नव्हते, त्याचे उत्तर देऊ शकेल असे काहीतरी आता टेबलावर पडलेले होते.

तेव्हा सेल्ये यांनी पुन्हा प्रयोग आरंभले. उंदरांना कडाक्याच्या थंडीत ठेवले, दमेपर्यंत पळवले, शस्त्रक्रियेची जखम केली, निरनिराळ्या औषधांच्या मोठ्या मात्रा दिल्या. शरीराने दिलेला जबाब ठरावीक होता. या मुक्या प्राण्यांनी सोसलेल्या यातना वाचताना आज आपले मन कळवळते. अशा प्रयोगांवर आता पुष्कळ निर्बंध आहेत आणि ते असावयास हवेत. पण हे ज्ञान त्यांच्याच जिवावर मिळाले, हे लपवून ठेवणेही बरे नव्हे.

या नव्या मार्गास वडीलधाऱ्यांचा पाठिंबा नव्हता. सेल्ये ज्यांना फार मानीत, अशा एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी त्यांना जवळ बसवून परोपरीने समजावले की, मळकट द्रव्यांच्या अभ्यासापायी चांगल्या बुद्धीची माती करू नये. खुद्द कॅनन यांनाही हा विचार पटला नाही. निरनिराळ्या संकटांना शरीराने एकच ठरावीक जबाब देण्यात त्याचे काय हित, असा त्यांचा आक्षेप होता. मात्र इन्सुलिनच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेडरिक बॅन्टिंग अधूनमधून सेल्ये यांच्या प्रयोगशाळेत येत आणि त्यांचे बोलणे शांतपणे ऐकून घेत. त्यांच्या खटपटीने थोडेसे अनुदानही मिळाले. रक्कम मोठी नव्हती. पण त्या घटकेस तिचे मोल मोठे होते.

4 जुलै 1936 रोजी लंडनच्या नेचर या साप्ताहिकात सेल्ये यांचे एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी शरीराच्या या जबाबाच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिली धोक्याच्या सूचनेची. यात शरीर हादरते आणि सारे बळ गोळा करू लागते. दुसरी प्रतिकाराची, अधिवृक्क ग्रंथी वाढतात आणि शरीर संकटाशी जुळवून घेते, इतके की, वरवर पाहणाऱ्यास प्राणी बरा झाला असेच वाटते. संकट तरीही टळले नाही, तर एक ते तीन महिन्यांत तिसरी अवस्था येते, ती म्हणजे शक्तिपात. प्राणी पुन्हा पहिल्या अवस्थेत असल्यासारखा दिसू लागतो, आणि या खेपेस तो सावरत नाही. जुळवून घेण्याची शक्ती अफाट असली तरी अमर्याद नाही, हे त्या उंदरांनी दाखवले होते.

या स्थितीस सेल्ये पुढे स्ट्रेस म्हणू लागले. हा शब्द त्यांनी यंत्रविद्येतून घेतला. त्या विद्येत पुलाच्या तुळईवर पडणारा दाब आणि त्या दाबाने तुळईत होणारा बदल यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. सेल्ये यांची इंग्रजी ही घरची भाषा नव्हे. आपण या दोन शब्दांत गल्लत केली, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. पण तोवर शब्द जगभर गेला होता. फ्रेंच भाषेलाही त्याला प्रतिशब्द सापडेना, म्हणून तो तसाच उचलावा लागला. आपण मराठीत ताण म्हणतो. तंबूची दोरी ओढणारा तो ताण आणि त्या ओढीने दोरीत आलेला तोही ताणच. सेल्ये यांची गल्लत आपल्या भाषेने आधीच पोटात घालून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

1945 साली माँट्रिऑल विद्यापीठात त्यांच्यासाठी प्रायोगिक वैद्यक व शस्त्रक्रिया यांची संस्था स्थापन झाली. 1976 पर्यंत ते तिचे संचालक होते. पहाटे उठावे, सायकलवरून प्रयोगशाळा गाठावी आणि दिवस मावळेपर्यंत कामात गढून जावे, असा त्यांचा शिरस्ता होता. सुमारे 1,700 लेख आणि 39 पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकातील संप्रेरकांचे त्यांनी दोन वर्ग पाडले: साखरेच्या व्यवहारावर परिणाम करणारी आणि शरीरातील क्षारांचे प्रमाण सांभाळणारी. ही वर्गवारी आजही डॉक्टरांच्या पुस्तकांत तशीच आहे. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. ते त्यांना मिळाले नाही. मात्र त्यांचे शिष्य रोजे गियमाँ यांना 1977 साली तो मान लाभला. पीयूष ग्रंथीला हुकूम कोण करतो, हे शोधता शोधता गियमाँ मेंदूपर्यंत जाऊन पोहोचले होते. आज आपणांस माहीत आहे की, काळजी प्रथम मेंदूत उमटते. मेंदू पीयूष ग्रंथीस कळवतो आणि पीयूष ग्रंथी अधिवृक्क ग्रंथीस. मग बाह्यकातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. ते रक्तातील साखर वाढवून शरीरास इंधन पुरवते.

1956 साली ताणावरील त्यांचा सामान्य वाचकांसाठी लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सेल्ये घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये उठाव झाला. त्या धुमश्चक्रीत गोळी लागून त्यांच्या मातोश्री मरण पावल्या.

मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या चुका गाळू नयेत. प्रयोगातील उंदरांवरून सेल्ये यांनी माणसांविषयी काही अनुमाने अधिक घाईने काढली. माणसाच्या जठरात होणारे व्रण ताणाने होतात, हा समज दृढ करण्यात त्यांच्या कार्याचा वाटा होता. 1982 साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांच्या संशोधनातून निष्पन्न झाले की, बहुतेक व्रणांस एक जिवाणू कारणीभूत असतो. काही व्रण वेदनाशामक औषधांनीही होतात. शक्तिपाताच्या अवस्थेत अधिवृक्क ग्रंथी रित्या होतात, ही कल्पनाही जशीच्या तशी टिकली नाही. दीर्घ ताणाने निरोगी माणसाच्या या ग्रंथी झिजून जात नाहीत. उलट कॉर्टिसॉल गरजेहून अधिक काळ वाढलेले राहिले, तर त्या अतिरेकानेच रक्तदाब, झोप आणि रोगप्रतिकारशक्ती यांवर वाईट परिणाम होतो. थकलेल्या अधिवृक्क ग्रंथींना शक्ती देणारी म्हणून जी चूर्णे आणि गोळ्या आज विकल्या जातात, त्यांना शास्त्राचा आधार नाही. ॲडिसन यांनी वर्णिलेला रोग मात्र खरा आहे. रक्ततपासणीने तो ओळखता येतो आणि रोज औषध घेऊन रोगी दीर्घकाळ जगू शकतो. तसेच दमा, संधिवात इत्यादी रोगांत ज्यांना दीर्घकाळ कॉर्टिसॉलसारखी औषधे घ्यावी लागतात, त्यांच्या ग्रंथी आयते मिळू लागल्यामुळे सुस्तावतात. म्हणून ती औषधे आपल्या मनाने एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. उतारवयात सेल्ये यांनी आपल्या संशोधनासाठी तंबाखू कंपन्यांचे पैसे घेतले. 1969 साली कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तीत धूम्रपानाने काहींचा ताण हलका होतो, अशी बाजू मांडली. पण त्या पैशाची गोष्ट उघड केली नाही. कंपन्यांची दप्तरे खुली झाली तेव्हा, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, ही हकीकत बाहेर आली. तंबाखूने कर्करोग होतो, हे त्या काळीही ठाऊक झालेले होते. शरीर कशाने पिचते हे ज्याने आयुष्यभर शोधले, त्याने याबाबतीत मौन पाळावे, याचे समर्थन करता येत नाही.

तरीही प्रागच्या वर्गातील तो मुलगा त्यांच्यात अखेरपर्यंत जागा होता. सर्वच ताण वाईट नसतो, हे त्यांनी 1974 सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले. खेळाडूला सामन्यापूर्वी वाटणारी हुरहूर, गाणाऱ्याला मंचावर जाताना सुटणारा कंप, हाही ताणच. पण तो माणसाला घडवतो. अशा हितकर ताणासाठी त्यांनी निराळा शब्दही योजला. याच सुमारास त्यांना कर्करोगाची एक दुर्मीळ गाठ झाली. तीतून ते वाचले आणि पुन्हा कामास लागले. 16 ऑक्टोबर 1982 रोजी माँट्रिऑल येथे त्यांचे निधन झाले.

डॅन्यूबच्या उत्तर तीरावरील त्यांचे गाव आता स्लोव्हाकिया देशात आहे आणि कोमार्नो या नावाने ओळखले जाते. 2004 साली तेथे हंगेरियन भाषेतून शिक्षण देणारे विद्यापीठ स्थापन झाले. हान्स या नावाचे हंगेरियन रूप यानोश. त्या विद्यापीठास यानोश सेल्ये यांचे नाव देण्यात आले आहे.